विलायती चाकं

मी डूख धरणारी बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी माझ्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा ठेवायला नको. शाळेत पंचवीस वर्षं मुलांना 'झालं गेलं विसरून जा' असं सांगत आले, पण स्वतः कधी काही विसरले नाही. माझ्या लग्नात माझ्या वडिलांना 'तुम्ही दुसऱ्या पंगतीला बसा' म्हणणारा एक नातेवाईक अजून माझ्या यादीत आहे, आणि तो वारला त्याला सहा वर्षं झाली. त्या यादीत सगळ्यात वर मात्र एक साहेब आहेत. ते तिथे जाऊन बसले ते एका मोटारीच्या चाकांमुळे.

आमच्या नाशकात दर वर्षी थंडीत जुन्या मोटारींची फेरी निघते. जुन्या म्हणजे आपल्या वडिलांच्या काळातल्या नव्हे, आजोबांच्याही आधीच्या. हँडल मारून सुरू करायच्या, पितळी दिव्यांच्या, रबरी फुगा दाबला की भोंगा वाजणाऱ्या. कुणाला छप्पर नाही, कुणाला दारं नाहीत. अशा दहा-बारा गाड्या सकाळी सातला मैदानावरून निघतात आणि पाथर्डी फाटा, विल्होळी, वाडीवऱ्हे करत घोटीला पोचतात. तिथे एका भाताच्या गिरणीच्या आवारात जेवण होतं, सत्कार होतात आणि दुपारी सगळे परत फिरतात. नियम एकच. गाडीनं स्वतःच्या चाकांवर जायचं आणि स्वतःच्या चाकांवर यायचं. टेम्पोवर चढवली की बाद.

साहेबांचा गंगापूर रोडला बंगला आहे आणि सातपूरला कारखाना. त्यांच्या आजोबांनी कुठल्याशा संस्थानिकाच्या लिलावात घेतलेली एक दोनच माणसं बसतील अशी गाडी त्यांच्याकडे आहे. शंभरीच्या पुढची. फेरी सुरू झाली त्या वर्षी त्यांनी ती बाहेर काढायची ठरवली, तेव्हा इंजिन मुंबईच्या कुणीतरी चालू करून दिलं, पण चाकांचा भुगा झाला होता. त्या काळच्या गाड्यांची चाकं लाकडी असत. मधे लोखंडी तुंबा, त्यातून निघणारे बारा लाकडी आरे, बाहेर लाकडी कडं, त्याच्यावर लोखंडी पट्टी आणि टायर. वाळवीनं आरे आतून पोखरले होते. असं चाक नव्यानं करणारा माणूस शोधत साहेब पंचवटीत आले आणि माझ्या वडिलांपाशी पोचले.

वडिलांना आम्ही नाना म्हणतो. नाना जातीचे सुतार, मूळ घोटीजवळच्या खेड्यातले. तरुणपणी त्यांनी बैलगाड्यांची चाकं केली, मग नाशकात येऊन टांग्यांची केली. टांगे संपले तशी दारं-खिडक्यांच्या चौकटी करत बसले, पण जीव चाकातच होता. साहेबांची गाडी बघितल्यावर ते घरी आले आणि रात्रीच्या जेवणाला बसले तरी हातानं हवेत गोल काढत होते. पुढचं वर्ष-सव्वा वर्ष त्यांनी दुसरं काम घेतलं नाही. बाभळीचं लाकूड त्यांनी कैक वर्षं सुकवून माळ्यावर ठेवलेलं होतं, कशासाठी ते त्यांनाही माहीत नव्हतं. तेच काढलं. चार चाकं, अठ्ठेचाळीस आरे. प्रत्येक आरा हातानं तासला आणि शेवटी प्रत्येक चाकाच्या कड्यावर, आतल्या बाजूनं, पटाशीनं आपली खूण कोरली. तीन आडव्या रेघा आणि खाली एक टिंब. ही खूण माझ्या आजोबांचीही होती. गाडीचं चाक दुरुस्तीला आलं की कुणाच्या हातचं ते कळावं, म्हणून घोटीकडचे सगळे सुतार अशी खूण करत.

आता एक गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. लाकडी चाकाला पाणी लागतं. नाशकातली थंडी कोरडी. ओठ फुटतात, टाचा फुटतात, तसं लाकूडही आटतं. आरे आपापल्या घरात, म्हणजे खाचेत, सैल होतात आणि चाक फिरताना टकटक असा बारीक आवाज येतो. टांगेवाले उन्हाळ्यात टांगा घेऊन सरळ नदीत उतरत आणि चाकं बुडतील असे उभे राहत, ते घोड्याला गार वाटावं म्हणूनच नव्हे. लाकूड पाणी पितं, फुगतं, सांधे घट्ट बसतात. त्यामुळे नाना दर वर्षी फेरीच्या तीन दिवस आधी साहेबांच्या बंगल्यावर जायचे, चारी चाकांना ओली गोणपाटं गुंडाळायचे आणि तीन दिवस सकाळ-संध्याकाळ त्यांच्यावर तांब्यानं पाणी घालायचे. सांध्यांवर रंग चढू द्यायचे नाहीत. 'लाकडाला तोंड उघडं पायजे,' म्हणायचे. मी शाळा सुटल्यावर त्यांना घ्यायला जायची आणि पोर्चमधे पाणी ठिबकत असलेली ती गाडी बघायची. साहेबांना ते गोणपाटांचं ओंगळवाणं दिसणं आवडत नसे, पण चाकं चालत होती म्हणून ते गप्प बसत.

सहा वर्षांपूर्वी घोटीच्या जेवणात ते घडलं. नाना दर वर्षी मागच्या जीपमधे हातोडी आणि पाण्याचा कॅन घेऊन बसून यायचे, तसे त्या वर्षीही आले होते. मी होते, कारण फेरीच्या मंडळींनी मला घोटीच्या थांब्यावर रजिस्टर सांभाळायला बसवलं होतं. कोणती गाडी किती वाजता आली, कशी आली, ते लिहायचं. शिक्षिका म्हणून अक्षर चांगलं, एवढंच कारण. पुण्याहून आलेले एक पाहुणे साहेबांच्या गाडीभोवती फिरत होते. चाकांवर हात फिरवून त्यांनी विचारलं, "ही चाकं कुणाकडून करून घेतली हो? काय काम आहे!" नाना चार पावलांवर हातात वरण-भाताची ताटली घेऊन उभे होते.

साहेब म्हणाले, "विलायतेहून मागवली. इकडे कोण करणार असं काम?"

नानांनी ऐकलं. मी ऐकलं. नानांनी घास तोंडात घातला आणि चावत राहिले. माझ्या मात्र अंगाची लाही झाली. त्या वर्षी साहेबांना 'स्वतः जपलेली गाडी' या नावाचा चषकही मिळाला. तो हातात घेऊन त्यांनी फोटो काढला तेव्हा एक पाय चाकावर ठेवला होता.

परत येताना मी नानांना म्हटलं, "तुम्ही तिथेच का बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? गाडी त्याची हाय."

"चाकं तुमची आहेत."

"पळाली ना? घोटीपर्यंत पळाली, टक बी वाजलं नाय. मग झालं."

"मला नाही झालं," मी म्हटलं. 

पुढच्या वर्षी त्याहून वाईट झालं. नाना गोणपाटं घेऊन गेले तर गाडी नव्या रंगात उभी. आणि चाकांच्या आतल्या बाजूला, खुणेच्या जागी, पुट्टी भरून वरून रंग मारलेला. साहेबांनी स्वतः केलं की कुणाकडून करवून घेतलं, मला माहीत नाही. पण त्या चार छोट्या खुणा कुणी तरी शोधून शोधून बुजवल्या होत्या. विलायती चाकावर घोटीच्या सुताराची खूण कशी असेल? नानांनी त्या जागेवरून अंगठा फिरवला आणि बादली भरायला गेले. दारात उभी राहून मी ते बघत होते. माझे नाना पाठीत वाकून त्याच चाकांना पाणी घालत होते आणि आत दिवाणखान्यात साहेब कुणाशी तरी फोनवर हसत होते. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की या माणसाच्या तोंडून, चारचौघांसमोर, एक वाक्य वदवून घेईन. 'ही चाकं नानांनी केली.' एवढंच. जास्त काही नको.

ठरवणं सोपं असतं. प्रत्यक्षात माझ्या हातात होतं काय, तर एक रजिस्टर आणि एक पेन. म्हणून जमेल तसा वचपा काढला. साहेबांची गाडी गिरणीच्या फाटकातून आत आली की मला पेनाचं टोपण सापडायचं नाही. चष्मा पुसायचा असायचा. दोन वर्षं मी त्यांची वेळ दोन-दोन मिनिटं उशिरा लिहिली. एकदा रकान्यात 'गाडी अस्वच्छ' असंही लिहिलं, ते मंडळींनी नंतर खोडलं. हे पोरकट होतं, मला कळत होतं. पण प्रत्येक वेळी लिहिताना जी मजा आली ती अजून आठवते.

मग नानांचे गुडघे गेले. पंचवटीतलं दुकान बंद केलं आणि मी त्यांना इंदिरानगरला माझ्या घरी घेऊन आले. तळमजल्यावरचं घर, पुढे थोडी जागा. ते सकाळभर खुर्चीत बसून रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांची चाकं बघतात. त्यांना आता लोखंडीच चाकं दिसतात, तरी बघतात.

गेल्या वर्षी फेरीच्या आधी साहेबांचं बोलावणं आलंच नाही. मी चौकशी केली तेव्हा कळलं, दिवाळीत साहेबांनी बंगल्याच्या दर्शनी भागात काचेची खोली बांधली आणि गाडी त्यात ठेवली. खोलीला एसी, चोवीस तास चालू, म्हणजे धूळ नको आणि ओल नको. रस्त्यावरून जाणाऱ्याला गाडी दागिन्यासारखी दिसते. शिवाय मुंबईच्या कुणा तज्ज्ञानं सांगितलं, लाकडाला पाणी लावणं हा अडाणीपणा आहे, त्यानं पॉलिश जातं. म्हणून चाकांवर, सांध्यांसकट, जाड चकचकीत लॅकर चढवलं होतं. मी हे ऐकलं आणि मला हसूच आलं. तीन महिने एसीत ठेवलेली बाभूळ! साहेबांनी एवढा खर्च करून नेमकं तेच केलं होतं जे चाकाचा जीव घेतं.

मी चूक केली ती ही की हे सगळं घरी येऊन नानांना सांगितलं. सांगताना मी खुशीत होते. नाना मात्र खुर्चीतून अर्धे उठले.

"फोन लाव त्याला."

"कशाला?"

"एसी बंद कर म्हनावं. सांध्यावरचा रंग खरवड आन् पानी दे. अजून चार दिस हायेत. आरे सुटतील, पोरी. वळनावर चाक बसंल."

"त्यांना तज्ज्ञ आहे की."

"फोन लाव म्हनतो ना!"

मी फोन घेऊन आतल्या खोलीत गेले. पलंगावर बसले. नंबर माझ्याकडे होता. समोर भिंतीवर नानांनी केलेला माझ्या लहानपणचा पाट टांगलेला आहे, त्याच्याकडे बघत पाच मिनिटं बसले. मग बाहेर येऊन म्हटलं, "सांगितलं, नाना."

"काय म्हनला?"

"बरं म्हणाले."

नानांनी मान हलवली आणि परत खुर्चीत टेकले. आयुष्यात नानांशी खोटं बोलण्याची ती माझी पहिली वेळ नव्हती, पण त्यांच्या कामाबद्दल खोटं बोलण्याची पहिलीच. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही, हेही सांगते. उलट मी फेरीचे दिवस मोजत होते.

फेरीच्या सकाळी मी मुद्दाम लवकर मैदानावर गेले. साहेबांनी काचेच्या खोलीतून गाडी आणली होती. लॅकर असं चमकत होतं की चाकात माझं तोंड दिसावं. त्यांनी हँडल मारलं, गाडी फुरफुरली, आणि रांगेत उभं राहण्यासाठी चार हात पुढे सरकली. टकटक. टकटक. डावं मागचं चाक. माझ्या आजूबाजूला दीड-दोनशे माणसं उभी होती, बँड वाजत होता, पण तो आवाज मी कुठेही ओळखीन. माझं बालपण त्या आवाजात गेलं आहे. टांगेवाला दुकानात आला की नाना पहिल्यांदा कान लावत आणि मी त्यांच्या मागे उभी राहून कान लावत असे.

साहेबांनी माझ्याकडे बघून हात हलवला. "काय मॅडम, घोटीला वेळ नीट लिहा बरं का!"

"नीट लिहीन," मी म्हटलं.

बोलायला ती शेवटची संधी होती. 'साहेब, निघू नका' एवढे तीन शब्द. मी ते गिळले आणि मंडळींच्या गाडीत बसून घोटीला पुढे निघून गेले. वाटेत वाडीवऱ्ह्याला चहा प्यायले. चांगला लागला.

गिरणीच्या आवारात टेबल मांडलेलं होतं. आजूबाजूच्या खेड्यांतली बरीच माणसं दर वर्षी गाड्या बघायला येतात, तशी आली होती. पहिल्या तीन गाड्या आल्या, मी वेळा लिहिल्या. मग साहेबांची गाडी दिसली. त्यांच्या शेजारी त्यांचे एक मित्र बसले होते. रस्ता सोडून गिरणीच्या फाटकात वळताना एक मोरी आहे. तिथे सगळेच वेग अगदी कमी करतात, साहेबांनीही केला. गाडी वळली आणि डाव्या मागच्या चाकातून कडकड असा आवाज आला. आरे एकामागून एक आपल्या घरातून निसटले. चाक आधी कललं, मग आडवं झालं आणि गाडी त्या कोपऱ्यावर खाली बसली. धाडकन नाही, म्हाताऱ्या माणसासारखी हळूच. साहेबांचे मित्र रस्त्यावर उतरून कोपर चोळू लागले. साहेब जागेवरच बसून राहिले. त्यांची टोपी तेवढी पडली होती.

मला झालेला आनंद लपवत नाही. तोंडावर पदर घ्यावा लागला इतकं हसू दाटून आलं. पाच वर्षं उरावर बसलेलं काहीतरी उठून गेलं. टेम्पो मागवा, असं कुणी तरी ओरडलं, आणि टेम्पो म्हणजे बाद. मी रजिस्टर उघडून पेनाचं टोपण काढलं. या वेळी ते लगेच सापडलं.

लोक गाडीभोवती जमले. लाकूड आटल्यामुळे कड्यावरचं लॅकर तडकलं होतं, आणि आतल्या बाजूला भरलेली पुट्टी खपली निघावी तशी गळून पडली होती. शेजारच्या गावचा एक म्हातारा शेतकरी, धोतर, डोक्याला मफलर, खाली बसून ते चाक निरखत होता. त्यानं बोटानं पुट्टीचा उरलेला चुरा काढला. तीन रेघा आणि एक टिंब.

"ही तर आपल्या सुताराची खून हाय," तो म्हणाला. मग त्यानं आमच्या गावाचं नाव घेतलं. "माझ्या गाडीची चाकं त्याच्याच हातची. पन्नास वर्स झाली."

सगळ्यांनी साहेबांकडे बघितलं. विलायतेची गोष्ट त्यांतल्या अनेकांनी ऐकलेली होती. साहेबांचा चेहरा लाल झाला, ते गाडीतून उतरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हो! ही चाकं नानांनी केली. त्या म्हाताऱ्यानं! आणि बघा काय लायकीची केली! माझी चूक झाली, गावठी सुताराच्या हातात शंभर वर्षांची गाडी दिली. आज माणूस मेला असता!"

ते वाक्य. शब्दन् शब्द तेच, चारचौघांसमोर, साहेबांच्या तोंडून. चार वर्षं मी ज्याची वाट बघितली ते असं आलं. माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं.

तरी साहेबांच्या बोलण्यानं मी कोसळले नसते. त्यांना उत्तर देण्याची मला सवय आहे. पण तो म्हातारा शेतकरी अजून खालीच बसलेला होता. त्यानं एक सुटलेला आरा उचलला, उलटासुलटा करून बघितला आणि कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाला, "त्याचं चाक मोडत नाय. हात हलला आसंल आता. म्हातारपन."

 साहेबांना खाली बघायला लावायचं म्हणून मी गप्प बसले होते, आणि खाली बघावं लागलं ते नानांना. तेही घोटीत, जिथे त्यांची खूण अजून ओळखणारी माणसं होती. नाना तिथे नव्हते, इंदिरानगरला खुर्चीत बसून माझ्या फोनची वाट बघत होते. त्यांना वाटत होतं की चाकांना पाणी दिलंय.

मी टेबलामागून उठले. "हात हललेला नाही," मी म्हटलं. आवाज माझ्या वर्गातला लागला. "चाकं सुकलेली होती. तीन महिने एसीत होती. या चाकांना दर वर्षी तीन दिवस ओली गोणपाटं गुंडाळावी लागतात, ती नानाच गुंडाळत होते. या वर्षी त्यांना बोलावलं नाही आणि वर लॅकर मारलं. नानांनी चार दिवसांपूर्वी मला सांगितलं होतं, साहेबांना फोन कर, चाक बसेल. मी केला नाही. सकाळी मैदानावर टकटक ऐकली, तेव्हाही बोलले नाही."

"तुम्हाला माहीत होतं?" साहेबांनी विचारलं.

"होतं."

"आणि मुद्दाम गप्प बसलात?"

"मुद्दाम."

 साहेबांच्या मित्रानं माझ्याकडे असं बघितलं की जणू त्याचं कोपर मीच फोडलं होतं. एका परीनं खरंच होतं. मी रजिस्टरमधे साहेबांच्या गाडीसमोर वेळ लिहिली, बरोबर लिहिली, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'चाकाचे आरे निसटले. चाकाचा दोष नाही. पाणी दिले नव्हते. माहीत असून मी सांगितले नाही.' खाली सही केली. या वर्षी रजिस्टर दुसऱ्या कुणाकडे गेलंय, ते ओघानंच आलं.

घरी आल्यावर नानांनी दारातच विचारलं, "पळाली का?"

मी सगळं सांगितलं. फोनचंही. माफी मागायला शब्द शोधत होते, पण नानांनी हात वर करून थांबवलं. "त्याच्यावर राग काढायचा तर त्याच्यावर काढायचा ना," ते म्हणाले. "माझं चाक तहानलेलं कशाला ठेवलं?" त्यानंतर ते माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. जेवायला वाढलं तर जेवत, ताट सरकवत. बस्स.

नवव्या दिवशी त्यांनी विचारलं, "चाक कुठं हाय?"

चाक साहेबांनी गिरणीतच टाकून दिलं होतं. मी टेम्पो करून ते आणि विखुरलेले आरे घरी आणले. नानांनी खुर्चीत बसून एक-एक आरा हातात घेतला. बाराच्या बारा शाबूत होते. एकही मोडला नव्हता, नुसते निसटले होते. त्यांनी मला शिकवलं आणि मी केलं, कारण त्यांना खाली बसता येत नाही. लॅकर खरवडलं, आरे घरात बसवले, कडं ठोकलं, गोणपाटं गुंडाळली. तीन दिवस अंगणात तांब्यानं पाणी घालत राहिले. येणारे-जाणारे विचारत, मॅडम, हे काय? चौथ्या दिवशी नानांनी काठी उचलून चाकावर मारली. आवाज असा निघाला की शेजारचे बाहेर आले.

"त्याला दाखव," नाना म्हणाले. कुणाला, ते विचारावं लागलं नाही.

मी ते चाक घोटीजवळच्या त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या दारात नेऊन ठेवलं. त्यानं ते हलवून बघितलं, आपटून बघितलं, त्याच्या नातसुनेला त्याच्यावर उभं राहायला लावलं. मग बराच वेळ खुणेवर अंगठा ठेवून बसला, नाना ठेवतात तसाच.

"नाय हलला हात," तो म्हणाला. "सांग त्याला, मी म्हनलो म्हनून."

मी तिथूनच नानांना फोन लावला आणि तो म्हाताऱ्याच्या कानाला लावला. दोघं बराच वेळ बाभळीबद्दल बोलले.

आता या वर्षीचं. साहेबांनी या वेळी खरोखरच विलायतेहून चाकं मागवली आहेत. ती काचेच्या खोलीत एसीत उभी होती. गेल्या आठवड्यात माझ्या फोनवर त्यांचा निरोप आला. 'नवीन चाकांतूनही टकट आवाज येतो आहे. गोणपाटांची नेमकी पद्धत नानांना विचारून कृपया कळवावी.' घाईत 'टकटक'मधला एक क राहिला होता. मी उत्तर लिहिलं: 'पद्धत नाना स्वतः सांगतील. घरी या. आधी त्यांच्यासमोर, मग मैदानावर निघण्यापूर्वी सगळ्यांसमोर, चाकं कुणी केली होती आणि त्यांतलं एक का बसलं ते सांगा.' निरोप वाचल्याच्या खुणा उमटल्या. उत्तर नाही.

नानांशी खोटं बोलायचं नाही असं ठरवलंय, म्हणून त्यांना दोन्ही निरोप वाचून दाखवले.

"आला नाय तर?" त्यांनी विचारलं.

"तर नाही."

"पोरी, लाकूड ते लाकूड. त्यानं काय गुन्हा केला?"

"ते तुमचं नाही," मी म्हटलं.

 थोड्या वेळानं नानांनी मला गोणपाटं धुऊन वाळत घालायला सांगितली. ती समोरच्या कठड्यावर टाकली आहेत, रस्त्यावरून दिसतील अशी. फेरीला आज बारा दिवस आहेत. लाकडाला पाणी प्यायला तीन लागतात. साहेबांकडे नऊ उरले आहेत.